चाक जागेवर फिरतं, डिझेल मात्र जळतं

ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, एकदम दीडशे मर्सिडीज मोटारी आल्या होत्या हे तुम्हाला आठवत असेल. व्यापारी, उद्योजक, डॉक्टर मंडळींनी मिळून सुमारे ६५ कोटींची खरेदी केली आणि देशभर बातमी झाली. बँकेनं त्यासाठी सात टक्क्यांच्या आसपास व्याजानं कर्ज दिलं. त्याच काळात ट्रॅक्टरच्या कर्जाचा दर बारा टक्क्यांच्या घरात होता, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा दाखवून दिलं. व्याजाचं ते दुखणं जुनंच आहे. आज बोलायचं आहे ते मोटारीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकांबद्दल, कारण कर्ज काढून घेतलेली ताकद शेवटी चाकातूनच जमिनीला लागते. किंवा लागत नाही.

मोठ्या ताकदीच्या मोटारींची एक करामत हल्ली पोरांच्या मोबाईलवर रोज दिसते. पुढची चाकं ब्रेकनं धरून ठेवायची आणि मागच्या चाकांना पूर्ण रेस द्यायची. गाडी हलत नाही. मागचे टायर जागेवर गरगरतात, रबर तापतं, पांढरा धूर निघतो, डांबरावर काळे पट्टे उमटतात. याला बर्नआउट म्हणतात. मुळात ही रीत सरळ पट्टीवरच्या मोटार शर्यतीतली. टायर तापून मऊ पडला की रस्ता जास्त धरतो, म्हणून शर्यत सुटण्याआधी काही सेकंद तो असा तापवून घेतात. शर्यत नसताना रस्त्यावर हे करणं म्हणजे नव्या टायरची होळी.

यातलं शास्त्र साधं आहे. मोटारीचा एक टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. कोरड्या डांबरावर त्या चाकावर जेवढं वजन, त्याच्या साधारण पाऊणपट जोर टायर पेलतो. पावसात तो निम्म्यावर येतो. इंजिनानं त्यापेक्षा जास्त जोर लावला की चाक निसटतं, आणि एकदा निसटलं की पकड आणखी कमी होते. म्हणून इंजिन पाचशे हॉर्सपॉवरचं असलं तरी टायर धरील तेवढीच ताकद कामाची. नव्या मोटारीत चाक निसटलं की इंजिनाचा जोर आपोआप कमी करणारी यंत्रणा असते. हौशी पोरं आधी तीच बंद करतात!

तुम्ही म्हणाल, हे आम्हाला कशाला सांगता? कारण पलटी नांगर लावलेला तुमचा ट्रॅक्टर तेच करतोय. फरक इतकाच, की धूर टायरमधून निघत नाही, सायलेन्सरमधून निघतो.

एकदा मोजून बघा. मागच्या टायरवर खडूनं खूण करा. रानात नांगर उचलून ट्रॅक्टर चालवा आणि चाकाचे दहा फेरे किती मीटरमध्ये होतात ते फितीनं मोजा. मग त्याच रानात नांगर नेहमीच्या खोलीला लावून पुन्हा दहा फेरे मोजा. पहिल्यांदा ४० मीटर आणि दुसऱ्यांदा ३४ भरले, तर घसरण १५ टक्के झाली. दहा ते पंधरा टक्के घसरण चालते, थोडी तर हवीच. पण ३० मीटरच भरले तर घसरण २५ टक्के. म्हणजे चाकाच्या चार फेऱ्यांतली एक फुकट, आणि चाकापर्यंत पोचलेल्या ताकदीचा चौथा हिस्सा माती खरवडण्यात गेला. भाड्यानं नांगरट करून घेणाऱ्यानं तासाचा हिशेब करताना हे जरूर बघावं.

फीत नसेल तर चाकाचा ठसा बघा. टायरच्या नक्षीचा ठसा पूर्ण पुसून माती भुरभुरीत पडली असेल, तर घसरण जास्त. ठसा शिक्क्यासारखा स्वच्छ उठला, तर ट्रॅक्टरवर वजन जादा आहे. तेही डिझेल खातं आणि जमीन दाबतं. ठशाच्या कडा दिसाव्यात, मधला भाग थोडा विस्कटलेला असावा.

उपाय फारसे खर्चाचे नाहीत. मागच्या टायरमध्ये पाऊण हिश्श्यापर्यंत पाणी भरता येतं. चाकाला लोखंडी वजनं लावता येतात. हवेचा दाब रस्त्याचा वेगळा आणि रानातला वेगळा असतो, तो कंपनीच्या पुस्तकात दिलेला आहे. बरेच जण ते पुस्तक सीटखालून काढतच नाहीत. आणि आपल्या काळ्या जमिनीत सगळ्यात मोठा उपाय म्हणजे वाफशाची वाट बघणं. ओल्या काळ्या रानात चाक फिरलं की माती लिंपल्यासारखी होते, खाली घट्ट थर बसतो आणि पुढच्या पिकाची मुळं तिथं अडतात.

खरा धोका ट्रॅक्टर रुतल्यावर. चाक फिरत नाही, पण इंजिन जोर लावतंच राहतं. अशा वेळी चाकापुढं दगड किंवा लाकूड अडकवलं, किंवा साखळी ॲक्सलपेक्षा उंच बांधून ओढलं, तर चाक फिरण्याऐवजी ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरतो. तोंड वर येतं आणि एक-दीड सेकंदात तो चालकावर उलटतो. उडी मारायलाही सवड मिळत नाही. टोचन लावायचं ते खालच्या ड्रॉबारलाच. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढताना चढावर पुढची चाकं हलकी होतात तीही याच कारणानं. मग वजनासाठी पुढं माणसं बसवतात. ती माणसं आहेत, लोखंडी वजनं नव्हेत.

आता गावच्या कारभाऱ्यांसाठी. ट्रॅक्टर दोन चाकांवर उभा करण्याच्या कसरती जत्रेत आणि मोबाईलवर वाढल्या आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात अशाच कसरतीत एक तरुण स्वतःच्या ट्रॅक्टरखाली सापडून गेला आणि तिथल्या सरकारनं या खेळांवर बंदी घातली. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या हातातल्या पोर्शे मोटारीनं दोघांचा जीव घेतला, तेव्हा बापाच्या जबाबदारीची चर्चा राज्यभर झाली. ती आपल्यालाही लागू आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाकडून वाहन चालवताना गुन्हा घडला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. ट्रॅक्टर हेही वाहनच आहे. सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांनी एवढा मजकूर जत्रेच्या आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा, आणि ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवावा.