थांबलेल्या यंत्राचा हिशेब

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याजवळ भोसरीत जो लहान कारखानदार आज पाच नग, उद्या बारा आणि परवा अगदी निराळ्या ड्रॉइंगबरहुकूम एकच नग घडवून देतो, त्याला स्वयंचलनाचा उपदेश करणारे बहुधा मोटारींच्या प्रचंड कारखान्यांचा दाखला देतात. परंतु एकाच आकाराचे लक्षावधी नग काढणारी यंत्रमालिका आणि रोज रूप पालटणारे हे काम यांत प्रकृतीचाच भेद आहे. येथे धातू कापला जातो तो वेळ थोडा. चकाचे जबडे बदलणे, फिक्श्चर बसवणे, टूलचे माप घेणे, पहिला नग तपासून पुन्हा दुरुस्ती करणे, यांतच पाळीचा मोठा हिस्सा खर्ची पडतो, आणि तेवढा वेळ यंत्र थांबून राहते.

१९५२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने छिद्रांकित फितीवरून आज्ञा घेणारे मिलिंग यंत्र दाखवले, तेव्हा काम बदलताना फक्त फीत बदलावी, ही सोय झाली. तरीही जॉब धरण्याची यातायात उरलीच. तिच्यावरचा उपाय जपानच्या शिगेओ शिंगो यांनी दाखवला. १९६९ मध्ये टोयोटाच्या हजार टनी प्रेसचे साचे बदलण्यास चार तास लागत; यंत्र थांबवूनच करावयाची कामे आणि ते चालू असताना उरकता येणारी कामे यांची त्यांनी काटेकोर विभागणी केली, व काही महिन्यांतच तो अवधी तीन मिनिटांवर आला.

म्हणून यंत्रहस्तासाठी, म्हणजे रोबोटसाठी, कर्ज काढण्यापूर्वी, पातळ कडे लंबगोल होऊ नये म्हणून जबडे किती आवळावे, कोणत्या पोलादाला कोणती गती द्यावी, हे जे यंत्र कामाला सज्ज करणाऱ्या सेटरच्या केवळ स्मरणात असते, त्याचे जॉबवार दप्तर तयार झाले पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे. कारण यंत्रहस्तालाही प्रत्येक आकारागणिक नवी पकड लागते, आणि जॉब धरण्याचा प्रश्न सुटला नसेल तर तो केवळ जागा बदलतो. मात्र हे ज्ञान सेटरकडून फुकट काढून घेणे अन्यायाचे होईल. त्याच्या नावाची नोंद दप्तरात राहावी, आणि वाचलेल्या वेळाचा रास्त मोबदला त्याच्या पगारात दिसावा.

कारखानदार वाचकांनी एक महिनाभर प्रत्येक यंत्र किती मिनिटे आणि कोणत्या कारणाने थांबले याची रोजच्या रोज नोंद ठेवावी, आणि ती पुढ्यात घेतल्यावाचून कोणत्याही नव्या यंत्राच्या खरेदीपत्रावर सही करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.