45 लाखांत 90 चौरस मीटर

केंद्र सरकारच्या लेखी 'परवडणारं घर' म्हणजे काय, माहितीये? पुण्यासारख्या शहरात 90 चौरस मीटरपर्यंत कार्पेट आणि किंमत जास्तीत जास्त 45 लाख. बांधकाम चालू असलेलं असं घर घेतलं तर जीएसटी 1 टक्का, नाहीतर 5. ही व्याख्या 1 एप्रिल 2019 पासूनची. तेव्हापासून जमीन, मजुरी सगळं वर गेलं, 45 चा आकडा तिथंच.

90 चौरस मीटर म्हणजे 968 चौरस फूट. भागाकार करा, फुटाला साधारण 4,650 रुपये, तेही कार्पेटवर. मी सध्या भाच्यासाठी फ्लॅट बघत हिंडतोय. वाघोली झालं, मांजरी झालं, नऱ्हे झालं. या भावात कुणी दारात उभं करत नाही. 45 च्या आत बसतो तो वन बीएचके, आणि तिथंही सेल्सवाला म्हणतो, "काका, पार्किंग आणि डेव्हलपमेंट चार्जेस वेगळे." नियमाप्रमाणे हे पैसे किमतीतच धरायचे असतात बरं का. धरले की घर 45 च्या बाहेर!

बाहेर गेलं की काय होतं बघा. 45 लाखांवर जीएसटी 45 हजार. 46 लाखांवर 2 लाख 30 हजार. किंमत वाढली 1 लाखाने, कर वाढला 1 लाख 85 हजारांनी. वर स्टॅम्प ड्युटी 7 टक्के (घर फक्त बाईच्या नावावर असेल तर 6), त्यातला 1 टक्का मेट्रोचा. तिला बँक सहसा कर्ज देत नाही, ती खिशातून.

गंमत म्हणजे जीएसटीच्या यादीत पुणे 'मेट्रो शहर' नाही, म्हणून मुंबईला 60 चौरस मीटर आणि आपल्याला 90. किंमतीची मर्यादा मात्र मुंबई, पुणे, वाई सगळ्यांना एकच.

मग बिल्डर छोटी घरं कशाला बांधेल? होर्डिंगवर बघा, थ्री बीएचके, फोर बीएचके, क्लबहाऊस. देशभर हेच चाललंय: घरं कमी विकली जातायत आणि उलाढाल वाढतेय.

मर्यादा वाढवा असं क्रेडाईही म्हणते. त्यात त्यांचा फायदा आहेच, पण मागणी बरोबर आहे. फक्त सरसकट नको, शहरागणिक ठरवा आणि रेडी रेकनरला जोडा. 1 एप्रिल 2025 ला रेकनर वाढलाच की. तो राज्याचा, जीएसटी केंद्राचा, मान्य. पण पैसे एकाच खिशातून जातात.

जाता जाता: सप्टेंबर 2025 मध्ये सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. त्यापोटी कुणाच्या बिल्डरने भाव खाली आणला असेल तर कमेंटमध्ये सांगा. उद्याच जाऊन येतो.