हा कसला अभ्यास!

गेल्या चैत्रात इंदिरानगरातील एका स्नेह्यांच्या घरी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचा योग होता. आत बायकांचा समारंभ चालला होता आणि बाहेरच्या खोलीत आम्ही पुरुषमंडळी आंब्याची डाळ व पन्हे यांचा समाचार घेत बसलो होतो. सगळेच केंद्र सरकारचे नोकर, सगळेच घरापासून दूर. अशा बैठकीत बदली, महागाई भत्ता आणि वेतन आयोग या तीन विषयांपलीकडे बोलणे सहसा जात नाही. त्या दिवशी गेले. यजमानांची कन्या राज्यशास्त्रात एम. ए. झालेली आहे. पुढील संशोधनासाठी तिने विषय निवडला आहे तो असा : जेथे निवडणूक नाही किंवा असून नसल्यासारखी आहे, वर्तमानपत्र सरकारच्या मुठीत आहे आणि सभा भरविणे हाच गुन्हा आहे, अशा राजवटीत माणसे निषेध करतात तो कसा? आयुष्यभर हाच अभ्यास करावा, हाच शिकवावा, असा तिचा मानस आहे. वडिलांना तो पसंत नाही. त्यांनी आम्हांस बाजूला घेऊन विनविले, “तुम्ही लिहिणारे-वाचणारे गृहस्थ. पोरीला दोन शब्द सांगा.” आम्ही दोन शब्द सांगितले, परंतु ते पोरीला नव्हे. ते बैठकीला रुचले नाहीत, म्हणून येथे विस्ताराने लिहीत आहो.

बैठकीचे म्हणणे थोडक्यात असे होते. हुकूमशाही परक्या मुलखातली, तिचे आम्हांस काय? अशा विद्येने चूल पेटत नाही. शिवाय व्हिसा, पोलीस-पडताळणी, उद्या सरकारी नोकरीचा अर्ज, यांत हा विषय आडवा येणार. एक गृहस्थ तर म्हणाले, “मोर्चे पाहायला संशोधन कशाला? खिडकी उघडली म्हणजे झाले!” टाळी मिळाली. परंतु ज्या राजवटींविषयी ही मुलगी बोलते, तेथे खिडकी उघडल्यावर रस्ता शांत दिसतो, आणि ती शांतता वाचता येण्यासाठीच अभ्यास लागतो, हे त्या टाळीत बुडून गेले.

‘परका मुलूख’ हा शब्द आधी घेऊ. आम्ही ज्या वसाहतीत राहतो तिला एका पंतप्रधानांचे नाव आहे. तेथून मेट्रोने अर्ध्या तासात फ्रीडम पार्कला जाता येते. ते उद्यान होण्यापूर्वी तेथे बंगळूरचे मध्यवर्ती कारागृह होते. २६ जून १९७५ रोजी, आणीबाणीच्या पहिल्याच सकाळी, संसदीय समितीच्या बैठकीसाठी या शहरात आलेले वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि आमच्या राजापूरचे खासदार मधु दंडवते यांना पकडून याच तुरुंगात ठेवण्यात आले. दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत असत. ते बंगळूरच्या तुरुंगात आणि प्रमिलाताई येरवड्याच्या, असा त्यांचा संसार पुढे कित्येक महिने पत्रांतून चालला. याच बंगळूरच्या तुरुंगात राहून खंगलेली अभिनेत्री स्नेहलता रेड्डी पॅरोलवर सुटल्यावर लवकरच, जानेवारी १९७७ मध्ये, वारली. आज शहरातील निदर्शनांना पोलिसांनी नेमून दिलेली जागा नेमकी तीच, जुन्या तुरुंगाची. हा विनोद कोणी मुद्दाम केला असेल असे आम्हांस वाटत नाही. सरकारी कागद असे विनोद न हसता करतात.

आणि आता कागदाविषयीच बोलू, कारण आमच्या मंडळींचा त्याच्याशी रोजचा संबंध आहे. शाह आयोगाने १९७८ मध्ये दिलेला हिशेब असा : आणीबाणीत ‘मिसा’खाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण कायदा व नियमांखाली ७५,८१८ माणसे अडकविली गेली. बेरीज १,१०,८०६. हे आकडे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे पंतप्रधान येत नाहीत. आमच्या डोळ्यांपुढे टंकलेखन यंत्र येते. प्रत्येक स्थानबद्धतेचा आदेश कोणीतरी टंकिला, कोणीतरी जावक क्रमांक घातला, कोणीतरी प्रत नस्तीला लावली. आदेश आधी आणि कारणे मागाहून, असा उलटा क्रमही कित्येक ठिकाणी झाल्याचे आयोगापुढे उघड झाले. ज्याने नस्ती चालविली आहे त्याला त्या क्रमातील अर्थ शिकवावा लागत नाही. टिप्पणीच्या आधी निर्णय! आमच्या लेखनिकी धर्मात याहून मोठे पाप नाही, आणि तरीही ते झाले, कारण ते करणारे हात आमच्यासारख्यांचेच होते. अनियंत्रित राजसत्ता ही केवळ एका माणसाच्या लहरीवर चालत नाही, तर पुष्कळ माणसांच्या निमूटपणावर चालते. ही मुलगी ज्या शास्त्राचा अभ्यास करू पाहते, त्याचा अर्धा विषय मोर्चात चालणारा माणूस आहे आणि उरलेला अर्धा मेजामागे बसलेला, म्हणजे आपण. तिच्या वडिलांची अस्वस्थता आम्ही समजू शकतो. आपले छायाचित्र कोणी घेऊ लागले की माणूस आधी हात आडवा धरतो.

गोव्याकडे वळू, कारण मराठी माणसाने हुकूमशाही सर्वांत जवळून पाहिली ती तेथे. पोर्तुगालचा सालाझार १९३२ पासून १९६८ पर्यंत पंतप्रधानपदी होता. तो स्वतः कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक! तेव्हा विद्वत्ता आणि सत्ता यांचे नाते बैठकीतल्या मंडळींना वाटते तितके दूरचे नाही. त्याच्या अमदानीत गोव्यात सभेला परवानगी नव्हती आणि छापील लग्नपत्रिकासुद्धा अभ्यवेक्षकाच्या नजरेखालून जावी लागे. अशा ठिकाणी १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. लोहिया बोलावयास उभे राहिले, ते आपणांस पाठ आहे. परंतु आम्हांस अधिक विचार करावयास लावतो तो १९५४ च्या फेब्रुवारीतला एक लहानसा प्रसंग. म्हापशास मेजवानी होती. शल्यवैद्य डॉ. पुंडलीक गायतोंडे निमंत्रितांत होते. गोवा म्हणजे पोर्तुगालच, अशा अर्थाचे कोणी बोलले आणि डॉक्टरांनी तेथल्या तेथे आपला निषेध नोंदविला. घोषणा नाही, पत्रक नाही, गर्दी नाही. जेवणाच्या टेबलावर एक वाक्य. त्याबद्दल त्यांना पकडून थेट पोर्तुगालला पाठविण्यात आले.

आता खिडकी उघडून पाहणाऱ्या त्या गृहस्थांना आम्ही विचारतो : हा प्रसंग आपल्या खिडकीतून दिसला असता काय? एका वाक्याला समुद्रापलीकडे पाठविण्याइतके बळ कोठून येते? लोकशाहीत मेजवानीतल्या अशा वाक्याला फार तर खाकरणे मिळते. तेथे ते राज्याला हादरा देते, कारण सर्वांनी एकच खोटे एकमुखाने बोलावे यावर ती इमारत उभी असते आणि एकजण गप्प राहावयास नकार देतो. हे कसे घडते, केव्हा पसरते आणि केव्हा विझते, पुढच्याच वर्षी १५ ऑगस्ट १९५५ रोजी नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या आणि वीसाहून अधिक पडले तरी ती राजवट आणखी सहा वर्षे कशी टिकली, हे प्रश्न आठवणींच्या पुस्तकांतून सुटत नाहीत. आठवणी आमच्याकडे पुष्कळ आहेत. हार आणि पुतळेही आहेत. त्या राजवटीच्या गुप्त पोलिसांची दप्तरे लिस्बनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आज अभ्यासकांस पाहावयास मिळतात. ती वाचण्यासाठी पोर्तुगीज शिकणारे मराठी तरुण कितीसे निघाले? आम्ही शौर्य जपतो आणि दप्तर परक्यांवर सोडतो.

ही विद्या निरुद्योगी लोकांची करमणूक आहे, असेही कोणी म्हणाले. फ्रँकोच्या स्पेनचे निरीक्षण करून हुआन लिंझ यांनी १९६४ साली दाखविले की लोकशाही आणि सर्वंकष सत्ता यांच्यामध्ये राजवटीची एक तिसरीच जात आहे. ती थोडी मोकळीक ठेवते, मोठे तत्त्वज्ञान सांगत नाही, आणि लोक घरी बसले की संतुष्ट असते. जेम्स स्कॉट यांनी मलेशियातील एका खेड्यात राहून १९८५ साली ग्रंथ लिहिला. दुर्बळांची शस्त्रे कोणती, तर टाळाटाळ, अजाणतेपणाचे सोंग, काम रेंगाळविणे. (ही शस्त्रे आमच्या कार्यालयांतही परजलेली असतात, फक्त ती चालविणारे स्वतःला दुर्बळ म्हणवीत नाहीत.) आणि चीनविषयी ओब्रायन व लियानजियांग ली यांचे २००६ चे पुस्तक तर प्रत्येक कार्यालयात असावे. चिनी शेतकरी राजवटीविरुद्ध घोषणा देत नाही. तो केंद्र सरकारचेच परिपत्रक हाती घेऊन स्थानिक अधिकाऱ्यापुढे उभा राहतो आणि म्हणतो, ‘साहेब, हा तुमचाच नियम.’ अधिकाऱ्याची पंचाईत होते, कारण नियम नाकारावा तर वरच्यांचा अपमान आणि पाळावा तर आपली कमाई बुडाली. अर्ज, पोच, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज! आमच्या आवक विभागात दररोज येणारा कागद तेथे शस्त्र होतो. हे वाचल्यापासून आम्ही पोच देताना जरा सावध असतो.

दूर राहून केलेला हा अभ्यास घरच्याला परका करतो, हाही भ्रमच. गो. पु. देशपांडे यांनी आयुष्य दिल्लीत घालविले. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात ते चीनचे राजकारण शिकवीत आणि नाटके मराठीत लिहीत. त्यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ मध्ये एका प्राध्यापकाची विद्यापीठाच्या समितीपुढे चौकशी चालते. सभ्य भाषेत, चहाच्या कपांनिशी, नियमांचा हवाला देत त्याच्या विचारांची झडती होते. नाटक १९७४ चे, म्हणजे आणीबाणीच्या आदल्या वर्षाचे. ज्याचा कान परक्या राजवटीच्या भाषेला सरावला आहे, त्याला घरच्या चौकशीचा स्वर लवकर ओळखू येतो, असेच आम्ही याचे कारण समजतो. दुर्गाबाई भागवत तर लोकसाहित्याच्या अभ्यासक. त्यांनी १९७५ च्या डिसेंबरात कराडच्या संमेलनाध्यक्षपदावरून जे केले ते सर्वश्रुत आहे. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली.

धोक्याची गोष्ट मात्र आम्ही हसण्यावारी नेत नाही. जुलिओ रेजेनी हा केंब्रिजचा इटालियन संशोधक कैरोत स्वतंत्र कामगार संघटनांचा अभ्यास करीत होता. २५ जानेवारी २०१६ रोजी तो नाहीसा झाला आणि ३ फेब्रुवारीस त्याचे छळाच्या खुणा असलेले प्रेत रस्त्याकडेला सापडले. तो २८ वर्षांचा होता. वडिलांच्या पोटात गोळा येतो तो उगाच नव्हे. या शास्त्राचे दोषही आम्हांस ठाऊक आहेत. सुरक्षित खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या मरणाचे तक्ते करणारे पंडित त्यात आहेतच. चेनोवेथ व स्टीफन यांनी १९०० ते २००६ मधील ३२३ लढे मोजून अहिंसक लढे सुमारे ५३ टक्के आणि सशस्त्र लढे २६ टक्के यशस्वी झाल्याचे २०११ साली मांडले. आकडे आम्हांस आवडतात, पण हुतात्म्याचा टक्का काढताना हात थोडा थांबावा. शिवाय असले ग्रंथ राज्यकर्तेही वाचतात, आणि अभ्यासकाशी बोललेला माणूस मागे, त्याच गल्लीत, राहतो. म्हणून हा अभ्यास करणाऱ्याला धैर्याइतकीच गुप्तता पाळण्याची शिस्त हवी. ती शिकविणारे गुरू मिळतात काय, हा प्रश्न वडिलांनी मुलीला विचारावा. ‘लोक काय म्हणतील’ हा विचारू नये.

राहता राहिली सरकारी नोकराची सबब : ‘आपल्याला आचारसंहिता आहे.’ आहे, आणि आम्ही ती वाचलीही आहे. तिच्यात राजकारणात भाग घेण्यास मनाई आहे. राजकारण समजून घेण्यास मनाई असल्याचे कलम आम्हांस सापडले नाही. उलट १९६२ साली बिहारच्या कामेश्वर प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संपाचा मूलभूत हक्क नोकराला नसला तरी त्याच्या सर्वच निदर्शनांवर सरसकट बंदी घालणारा नियम घटनेत बसत नाही. म्हणजे नोकरीत शिरताना आम्ही जिभेचा राजीनामा दिलेला नाही. इतका राजीनामा सरकारने मागितलेला नसताना आम्ही तो स्वखुशीने देतो, आणि मुलांकडूनही आगाऊ घेऊन ठेवतो.

त्या संध्याकाळी निघताना मुलगी दारापर्यंत आली. “काका, बाबा मानतील का हो?” तिने विचारले. आम्ही तिला आश्वासन दिले नाही. एवढेच म्हटले, की तुझ्या संशोधनाचा आराखडा इंग्रजीत आहे. तो मराठीत एका पानात लिहून दे, बाबांनी वाचावा म्हणून, आणि त्यात ‘ऑथॉरिटेरियन’ हा शब्द यावयाचा नाही. ते पान परवा आले. पहिल्याच ओळीत तिने स्थानबद्धतेचा आदेश टंकणाऱ्या कारकुनाचा उल्लेख केला आहे. वडिलांनी ते वाचले, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि एका शब्दाचे शुद्धलेखन दुरुस्त केले. अर्जाची मुदत महिनाअखेर संपते.