शोधाची झडती

एका विद्वान गृहस्थांनी नुकतीच ‘शोध’ या आपल्या जुन्या, निरुपद्रवी शब्दावर भर सभेत फिर्याद गुदरली, आणि श्रोत्यांनी टाळ्या वाजवून ती दाखलही करून घेतली. फिर्याद अशी की हरवलेल्या म्हशीचा शोध, अमेरिकेचा शोध आणि दूरध्वनीचा शोध ही तिन्ही कामे मराठी माणूस एकाच शब्दाकडून वेठीने करून घेतो. इंग्रजीने तीन कामांना तीन चाकर ठेवले आहेत. यास्तव मराठी बुद्धीला काटेकोरपणा ठाऊकच नाही. त्यावर तजवीज अशी की सृष्टीत आधीच असलेले सापडले तर ‘शोध’ म्हणावे, नसलेले घडवले तर ‘आविष्कार’ म्हणावे, आणि म्हशीकरिता ‘अन्वेषण’ योजावे. म्हशीचे अन्वेषण करीत रानोमाळ हिंडणारा गुराखी वाचकांनी डोळ्यांपुढे आणावा. एवढ्याने त्या कलमाचा निकाल लागतो.

‘आविष्कारा’ची गोष्ट मात्र इतकी स्वस्तात सोडण्यासारखी नाही. ‘आविस्’ म्हणजे उघड, प्रकट. जे झाकलेले होते ते प्रकट करणे हा आविष्कार. म्हणजे नवे घडवण्याच्या हुद्द्यावर गृहस्थांनी जो उमेदवार नेमला, त्याच्या मुळाशीच ‘असलेले उघडे करणे’ हा अर्थ ठाण मांडून बसला आहे. हिंदीने त्याला यंत्रांच्या कारखान्यात धाडले, तो तिचा अधिकार. मराठीत तो कलेच्या घरी सुखाने नांदतो. बरे, ज्या इंग्रजीचा दाखला पदोपदी रुजू केला जातो, तिच्यातील ‘इन्व्हेन्शन’ हा शब्द ज्या लॅटिन धातूवरून आला त्याचाही अर्थ ‘सापडणे’ असाच आहे. ख्रिस्ताचा क्रूस सापडल्याच्या स्मरणार्थ ३ मे रोजी पाळल्या जाणाऱ्या सणाला इंग्रजीत क्रूसाचे ‘इन्व्हेन्शन’ म्हणत, आणि त्यावरून तो क्रूस कोणा सुताराने नव्याने बनवला असा समज कोणीही करून घेतला नाही.

परंतु माझा खरा आक्षेप निराळाच आहे. मराठी वाक्यातले नाम तेवढे पाहायचे आणि क्रियापदाकडे पाठ फिरवायची, ही आपल्या शब्दसुधारकांची जुनी खोड आहे. मराठी माणूस म्हशीचा शोध घेतो, किंवा करतो, म्हैस सापडली की तिचा शोध लागतो, आणि ज्याने डोके चालवून काही हस्तगत केले तो शोध लावतो. झोप लागते आणि दिवा लावतात, हा भेद ज्या पोराला कळतो त्याला हाही कळतो. कोलंबस १४९२ साली निघाला तो हिंदुस्थानच्या शोधात, आणि त्याला शोध लागला अमेरिकेचा. इथे ‘त्याला’ आणि ‘लागला’ या दोन शब्दांत त्या साऱ्या सफरीची कैफियत आली. फ्लेमिंगच्या बशीत १९२८ साली बुरशी आपण होऊन पडली आणि त्याला पेनिसिलिनचा शोध लागला. उलट लव्हेरिए या गणितज्ञाने युरेनसच्या चुकणाऱ्या गतीवरून, केवळ कागदावर आकडेमोड करून, एका न दिसलेल्या ग्रहाची जागा सांगितली आणि १८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेत तो ग्रह त्या जागेपासून एका अंशाच्या आत दिसला. म्हणून नेपच्यूनचा शोध त्याने लावला. वस्तू आधी होती की नव्हती हे मराठी विचारत नाही. ती माणसाच्या अंगावर आली की माणूस तिच्यापर्यंत गेला, हे विचारते. कर्ता सांगायचा नसला की दूरध्वनीचा शोधही ‘लागला’ असे आपण म्हणतो, हे कबूल. पण तेवढ्या सवलतीने कायदा मोडत नाही.

‘शोधा’च्याच कुळातल्या ‘संशोधन’ शब्दाने हिंदी वाचक घोटाळतो अशी तक्रार कोणी केली, तर हिंदीत ज्याला संविधानाचे संशोधन म्हणतात त्याला मराठीत घटनादुरुस्ती म्हणतात. ज्याने त्याने आपले घर पाहावे.

‘शोधा’च्या मंडनाचे म्हणाल तर माझ्यापाशी फार भांडवल नाही. तो ज्या धातूवरून आला तो ‘शुध्’ म्हणजे निर्मळ होणे. वैद्य पाऱ्याचे शोधन करतात, आणि एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेही याच धातूचे काम. गाळ बाजूला सारून खरे ते वर काढणे एवढाच त्याचा आशय, आणि तो ग्रहाला, औषधाला व यंत्राला सारखाच लागू पडतो असे मला वाटते. शास्त्रीय ग्रंथात जिथे खरोखरच अडेल तिथे लेखकाने एक वाक्य अधिक लिहावे.

शेवटी गृहस्थांच्या ‘असलेले की नसलेले’ या कसोटीला एकच उदाहरण लावून पाहतो, ते शून्याचे. ते आधीपासून होते आणि कोणाला सापडले, की नव्हते आणि कोणी घडवले, याचा फैसला गृहस्थांनी आधी लिहून द्यावा. तोवर ‘शोधा’च्या बडतर्फीचा हुकूम तहकूब ठेवावा, एवढीच सभेला विनंती.