श्रीनगर ते लेह

श्रीनगर व लेह या विमानतळांमधील सरळ आकाशमार्ग सुमारे २५५ किलोमीटरांचा; मोटाररस्ता मात्र झोजी ला ओलांडून चारशेंहून अधिक. २४ मे १९४८ रोजी मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांसह लेहला पहिले विमान उतरविले, तेव्हा याच वाटेस घोड्यांच्या काफिल्यांना पंधरवडा लागे. विमानास तासही पुरतो. परंतु लेहचा विमानतळ ३,२५६ मीटर उंचीवर आहे; दुपारी तेथील विरळ हवा उन्हाने अधिकच विरळ होते, वारेही सुटतात, म्हणून उड्डाणे बहुधा सकाळचीच. मोटारीने जाणाऱ्याचे शरीर वाटेत थोडेफार सरावते. विमानात ती सोय नाही. बरोबर वृद्ध मंडळी असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि पहिले दोन दिवस त्यांना केवळ विश्रांती द्यावी. बसल्या जागी धाप लागली, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.