काडतुसाच्या मापातील अविश्वास

निवडणुकीची आचारसंहिता लागली की मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या पोलीस ठाण्यांत परवानाधारकांची शस्त्रे जमा होऊ लागतात. त्यांत रिव्हॉल्व्हर असले तर ते बहुधा .३२ बोअरचे असते. ही त्या सराफाची किंवा व्यापाऱ्याची आवड नव्हे. ती कायद्याने आखलेली मर्यादा आहे आणि तिच्यामागे एका ब्रिटिश काडतुसाचा इतिहास आहे.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्रकायदा आला. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती आणि गोऱ्यांना सूट, हे त्याचे सूत्र होते. याच साम्राज्याने पुढे कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात शरीरात शिरताच पसरणारी गोळी तयार केली. वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या .४५५ काडतुसालाही १८९८ मध्ये तशीच पोकळ तोंडाची गोळी बसविण्यात आली. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदीचा ठराव आला, तेव्हा ब्रिटिश प्रतिनिधीने युक्तिवाद केला की, ‘रानटी’ शत्रू साध्या गोळीने थांबत नाही! हे ‘रानटी’ कोण, हे सांगण्याची गरज नव्हती.

पहिल्या महायुद्धानंतर .४५५ सैनिकाच्या हाताला जड वाटू लागले. तेव्हा इंग्लंडने स्मिथ अँड वेसनच्या १८७० च्या दशकातील .३८ काडतुसात २०० ग्रेनची, म्हणजे सुमारे १३ ग्रॅमची शिशाची गोळी बसवून ते सैन्यासाठी स्वीकारले. उघडे शिसे हेगच्या ठरावात बसेल की नाही, या शंकेने दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर १७८ ग्रेनची धातूचे आवरण असलेली गोळी आली. हेच ‘.३८०’ एन्फिल्ड आणि वेब्ली रिव्हॉल्व्हरांतून भारतातील पोलिसांच्या कमरेला आले आणि स्वातंत्र्यानंतरही राहिले.

स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्रकायदा केला. १९६२ च्या नियमांनी .३८० आणि .४५५ ची काडतुसे चालतील अशी रिव्हॉल्व्हरे सामान्य नागरिकाला निषिद्ध ठरविली. सरकारी साठ्यातून चोरलेले काडतूस बाहेरच्या शस्त्रात चालू नये, हा त्यामागील विचार. तो त्या काळी चुकीचा नव्हता.

नागरिकाच्या वाट्याला उरले १८९६ चे .३२ लाँग. गोळी अवघी ९८ ग्रेनची, म्हणजे .३८० च्या पहिल्या गोळीच्या निम्म्याहूनही कमी. थिओडोर रूझवेल्ट पोलीस मंडळाचे अध्यक्ष असताना न्यूयॉर्कच्या पोलिसांनी याच बोअरचे रिव्हॉल्व्हर घेतले होते. पुढे त्यांनाही ते अपुरे वाटले. कानपूरच्या आयुध निर्माणीने वेब्लीच्याच धर्तीवर .३२ चे रिव्हॉल्व्हर काढले. त्याच्या काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे दिसली तर ते आपल्या खडकीच्या कारखान्यातले, हे जाणकार ओळखतो. १८६९ साली ब्रिटिशांनी स्वतःच्या फौजेसाठी उभारलेला हा कारखाना आज भारतीय नागरिकालाही काडतूस पुरवितो, ही समाधानाची बाब.

परवाना सर्रास वाटावा, असे कोणी म्हणणार नाही. अर्जदाराची चौकशी कितीही कठोर असो. मुंबईसारख्या दाटीच्या शहरात ती तशीच हवी. पण पोलिसांनी ज्याला विश्वासार्ह ठरवून परवाना दिला, त्याच्या शस्त्राचे माप इंग्रजी फौजेच्या जुन्या काडतुसावरून का ठरावे? भारतीय लष्कराच्या हाती कधीच ९ मिलिमीटरचे पिस्तूल आले. २०१६ मध्ये शस्त्र नियम नव्याने लिहिले गेले, तरी .३८ निषिद्धच राहिले.