शब्द मोजून झाले, आता अर्थ मोजा

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुत्याला मुक्कामी येते, तेव्हा तिथे फड म्हणजे गुरुपरंपरेने बांधलेला दिंड्यांचा समुदाय. वासकरांचा फड, देहूकरांचा फड. गाळप हंगाम सुरू झाला की त्याच गावात फड म्हणजे तोडणीला आलेला ऊस. जत्रांच्या दिवसांत फड रंगतो तो तमाशाचा किंवा कुस्तीचा. माळशिरस तालुक्यातल्या कुणालाही यात गोंधळ वाटत नाही. तरीही शाळकरी शब्दकोशांत आणि मोबाइलवरच्या भाषांतरात अशा शब्दाच्या वाट्याला बहुधा एखाददुसरा प्रतिशब्द येतो आणि बाकीचे अर्थ वाऱ्यावर जातात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून भाषेच्या प्राचीनतेविषयी आणि शब्दसंपत्तीविषयी बरेच बोलले जाते. पण ही संपत्ती शब्दांच्या संख्येत कमी आणि एकेका शब्दाने साठवलेल्या अर्थांत जास्त आहे. पुढचे कोशकार्य या अर्थांच्या नोंदीपासून सुरू व्हायला हवे.

जुन्या कोशकारांना हे उमगले होते. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. त्यात फड या शब्दाखाली अर्थांची रांगच आहे: न्यायकचेरी, पेठ, जकातीचे ठाणे अशी लोकव्यवहाराची जागा; जुगाराचा किंवा नाचगाण्याचा अड्डा; शेतमाल आणून त्यावरचा सारा ठरवण्याचे ठिकाण; मोठा कारखाना; ऊस, वांगी, मिरची, खरबूज यांची लागवड; धडाक्याने चाललेले काम; खेळ करणाऱ्यांची मंडळी आणि तोफेची बैठकसुद्धा. ही रांग नीट वाचली तर इतिहास हाती लागतो. उसाचा फड हा शब्द साखर कारखान्यांनी आणला, असे आज सहज वाटेल. पण नीरा उजव्या कालव्याचे पाणी आणि माळीनगर-अकलूजचे कारखाने या भागात विसाव्या शतकात आले. शब्दाचा हा अर्थ त्याआधीच छापून झाला होता. तेव्हा वांग्या-मिरच्यांचाही फड असे, आज या पट्ट्यात फड म्हटले की आधी ऊसच आठवतो. पीकपद्धती एका पिकाकडे कशी झुकली, त्याची खूण या आकुंचनात आहे. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरातल्या एका महत्त्वाच्या खात्यालाही फड म्हणत. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे घालून गावाने वाटून घेतलेल्या सिंचनाला आजही फड पद्धत म्हणतात. माणसे, माल किंवा काम एके ठिकाणी जमून चारचौघांसमोर व्यवहार व्हावा, हे सूत्र यातल्या बहुतेक अर्थांतून जाते. एकच प्रतिशब्द दिला की ते सूत्र तुटते.

यावर पहिला आक्षेप असा की संदर्भावरून अर्थ कळतोच, मग नोंदींचा पसारा कशाला? संदर्भ कळतो तो त्या संदर्भात वाढलेल्याला. पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या मुलाला, मोडी कागद वाचणाऱ्या अभ्यासकाला आणि मराठी शिकवल्या जाणाऱ्या संगणकाला तो कुणीतरी सांगावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोल्सवर्थ हे कंपनी सरकारच्या लष्करातले अधिकारी, कोश राज्यकर्त्यांच्या सोयीचा, मग त्याला प्रमाण का मानावे? नाचगाण्याच्या आणि रिकामटेकड्यांच्या फडाबद्दलची त्या नोंदीतली नाराजी लपत नाही, हे खरेच. पण त्या कामामागे मराठी शास्त्रीपंडितांचे श्रम होते आणि पुढे दाते-कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड काढून ते काम मराठीतून मराठीसाठी कितीतरी पुढे नेले. जुन्या नोंदीतला पूर्वग्रह दिसतो तो नोंद शिल्लक आहे म्हणून. त्यावर उपाय नोंद गाळण्याचा नाही, अधिक चांगली नोंद करण्याचा आहे.

तिसरा आक्षेप मेलेल्या अर्थांचा: तोफेची बैठक आता कुणाला हवी? रोजच्या वापराच्या छोट्या कोशात ती नसली तरी चालेल. मोठ्या कोशात मात्र तिच्यापुढे ‘जुना’ एवढी खूण हवी, नाहीतर अठराव्या शतकातला कागद आपल्यालाच परका होईल. शिवाय अर्थ नुसते मरत नाहीत, जन्मतातही आणि त्यांचीच हेळसांड जास्त होते. ऊसतोडीच्या व्यवहारात कोयता म्हणजे हत्यार, तसेच नवरा-बायकोची जोडीही. एकटा मजूर असेल तर तो अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे, म्हणजे जोडीला मिळून. त्यामुळे पहाटेपासून मोळ्या बांधणाऱ्या, वाहणाऱ्या बाईची मजुरी हिशेबात वेगळी दिसत नाही. हा अर्थ न लिहिणारा कोश एक शब्दार्थ गाळतो आणि त्याबरोबर मजुरीची एक पद्धतही वाचकाच्या नजरेआड करतो.

म्हणून अभिजात दर्जाच्या निमित्ताने जो निधी आणि उत्साह येईल, त्यातला मोठा वाटा उत्सवांऐवजी अर्थनोंदीला मिळावा. प्रत्येक अर्थाला प्रदेश, व्यवसाय आणि काळ यांची खूण असावी, बोलण्यातले खरे वाक्य जोडलेले असावे आणि हे सारे संगणकावर सर्वांना मोफत पाहता यावे. त्यासाठी पंडितांची समिती पुरेशी नाही. नातेपुते, माळशिरस, अकलूज परिसरातल्या महाविद्यालयांचे मराठी विभाग हे काम एका वारीत आणि एका गाळप हंगामात सुरू करू शकतात. फडकरी, मुकादम, वस्ताद आणि तमाशाचे फडमालक त्यांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. एकोणिसाव्या शतकात लेखणी-दौतीवर जे निभावले, ते आज साधनांअभावी अडते असे म्हणायची सोय उरलेली नाही.